टर्बोचे प्रारब्ध

वैनगंगेकाठच्या बालाघाटात माझ्या जुन्या डिझेल गाडीने दम सोडून निळसर धूर ओकण्यास आरंभ केला, तेव्हा मिस्त्रींनी हवेची नळी उतरवून टर्बोचा दांडा दोन बोटांनी हलविला, आणि पाती घराला खरडत असल्याचे प्रत्यक्ष दिसले. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा हा दांडा केवळ तेलाच्या सूक्ष्म पटलावर तरंगत असतो. नवा टर्बो तत्काळ बसविण्याची माझी दरखास्त त्यांनी नामंजूर केली : "साहेब, आधी तेलाची नळी पाहू." ती काजळीने बुजलेली निघाली.

ज्ञानाने संचित, म्हणजे साठलेले कर्म, जळते; प्रारब्ध, म्हणजे फळू लागलेले कर्म, मात्र भोगूनच सरते, असे वेदान्ती म्हणतात. मग मोडका टर्बो प्रारब्ध आणि ती काजळी संचित म्हणावे काय? मिस्त्रींनी नळी, तेल, गाळणी बदलली, नव्या टर्बोच्या तेलमुखात थोडे तेल सोडले, मगच किल्ली फिरविली.