आधी माणसं, मग बिशप

पोपपासून वेगळ्या झालेल्या चर्चमधली मिस्सा खरी असते का, हा प्रश्न आमच्या वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसणारी मुलं दरवर्षी विचारतात. पुस्तकी उत्तर सोपं आहे. संत ऑगस्टीननं चर्चमधून फुटलेल्या दोनातपंथीयांशी वाद घालताना सांगून ठेवलं आहे की, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणारा फुटून निघालेला असला तरी; मिस्सेलाही हाच न्याय लावतात. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. म्हणून मी मुलांना आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर अल्वारिस यांची गोष्ट सांगते.

अल्वारिस मूळचे गोव्यातल्या वेर्ण्याचे धर्मगुरू. 1886 साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला. त्यात सिलोनमधली आणि दक्षिण कानडा भागातली अनेक चर्चेस गोव्याच्या धर्मगुरूंकडून रोमच्या प्रोपागांडा या धर्मप्रसार मंडळाकडे गेली. ज्यांचं लग्न, बारसं, मरण त्या वेदीपुढे होत आलं होतं, त्या लोकांना कोणी विचारलं नाही. हा अन्याय होता, आणि माझ्या ख्रिस्तसभेनं केला म्हणून मी तो लपवणार नाही. या लोकांची बाजू घेऊन अल्वारिस रोमपासून वेगळे झाले. 1889 साली केरळात कोट्टायमला, रोमच्या अधिकाराबाहेरच्या मलंकारा सिरियन चर्चच्या बिशपांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली आणि ते मार ज्युलियस झाले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना बहिष्कृत केलं. बिशपाचा पोशाख घातला म्हणून पोर्तुगीज सरकारनं अटकही केली.

1892 साली कोलंबोत त्यांनी अमेरिकेहून आलेल्या रेने व्हिलात यांना बिशप केलं. आज अमेरिका-युरोपातली कितीतरी छोटी स्वतंत्र कॅथलिक चर्चेस आपली बिशपपरंपरा या व्हिलातपर्यंत, म्हणजे एका गोवेकराच्या हातांपर्यंत नेऊन भिडवतात. त्यांतली काही अशी की, बिशप आहे, मुकुट-दंड आहे, वंशावळ तोंडपाठ आहे, आणि समोर बाकं रिकामी. मला याचं वाईट वाटतं. मात्र त्याच परंपरेत कुणी घराच्या पडवीत वेदी मांडतं, आठदहा माणसं जमतात, एकमेकांच्या आजारपणात रात्री जागतात, मेलेल्याला एकटं जाऊ देत नाहीत. तिथे मला ख्रिस्तसभा दिसते, कागदपत्रं कशीही असोत.

खुद्द अल्वारिस यांच्याकडे शेवटी सत्ता नव्हतीच. पटकीच्या उपचारांवर त्यांनी पुस्तिका काढली. पणजीत कुष्ठरोग्यांना आणि निराधारांना आसरा दिला, त्यांच्यासाठी रस्त्यावर हात पसरला. 1923 साली रायबंदरच्या रुग्णालयात ते वारले. रोमन धर्मगुरूकडून अंत्यविधी त्यांनी नाकारला होता. रायबंदरच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आता त्यांचे अवशेष आहेत. तिथे मी मेणबत्ती लावून आले आहे आणि पाप्याच्या घरी गेल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही.

आणि उडुपीजवळचं ब्रह्मावर! तिथली कोंकणी कॅथलिक माणसं अल्वारिस यांच्यामागे उभी राहिली. अल्वारिस गेले, त्यांच्या जागी त्या समाजातला दुसरा बिशप आला नाही. फादर रॉक झेफ्रिन नोरोन्हा यांनी 1936 साली मरेपर्यंत समाज सांभाळला. पुढे सिरियन उपासना आली, पण समाज विस्कटला नाही. व्हिलातच्या परंपरेत बिशप उदंड झाले आणि माणसं कमी पडली. इथे बिशप नसताना माणसं टिकली. खरी मिस्सा कोणती, हे विचारणाऱ्या मुलांना मी म्हणते, आधी बघा, मिस्सा संपल्यावर ती माणसं एकमेकांच्या घरी जातात का.

वर्गातल्या मोठ्या मुलांना एकदा ब्रह्मावरला न्यायचं मनात आहे. रविवारच्या उपासनेला आम्ही उभे राहू, प्रार्थना करू. ख्रिस्तशरीर मात्र ते आम्हाला देणार नाहीत. आमच्याकडेही अशा बाबतीत नियम कडकच आहेत. मुलं कारण विचारतील. ते मी सांगेन, पण सांगताना मला दुःख होईल, आणि तेही त्यांच्यापासून लपवणार नाही.