हेतू आणि हुकूम

आमचे थोरले मामा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि बेळगावातच राहिले. घोडदळाच्या इंग्रजी सिनेमांचा त्यांना मोठा नाद. भाषा फारशी कळत नसे. 'हुकूम कळतो की, बास,' म्हणायचे. त्यांच्या शेजारी बसून व्हिडिओवर पाहिलेला एक काळापांढरा चित्रपट माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. 'लिटल बिग हॉर्न', साल १९५१. लिपर्ट नावाच्या कंपनीने काढलेला हा अगदी स्वस्तातला मामला. कंपनीचा मालक मुळात थिएटरवाला. दिग्दर्शक चार्ल्स मार्क्विस वॉरन हा पेशाने लेखक, आणि दिग्दर्शनाचा त्याचा हा पहिलाच प्रयत्न. पैसा बेताचा असल्यामुळे घोडी थोडी, माणसे थोडी, आणि शत्रू बहुतेक वेळ पडद्याबाहेर.

गोष्ट १८७६ची. कस्टर नावाचा सेनाधिकारी सू लोकांच्या प्रचंड जमावावर चालून जातो आहे. त्याला सावध करायला कप्तान डॉनलिन मूठभर स्वार घेऊन निघतो. पण निघण्यापूर्वीच त्याला कळलेले असते, की आपली बायको पथकातल्याच लेफ्टनंट हेवूडवर जीव लावून बसली आहे. तो हेवूडला बरोबर घेतो. वाटेत माणसे एकेक करून पडू लागतात, आणि शिपायांच्या मनात येते तेच आपल्याही मनात येते : हा कप्तान कर्तव्याला निघालाय की सूड उगवायला?

प्रश्न सोपा नाही. टिळकांनी 'गीतारहस्या'त कर्माच्या बाह्य फळापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला मोल दिले. त्या मापाने डॉनलिन नापास होणार. पण कस्टरला निरोप पोचवायलाच हवा, हे तर खरेच होते. मनात विष असलेल्या माणसाने योग्य काम हातात घेतले, तर ते काम सोडून द्यायचे की काय? मन निर्मळ होईपर्यंत थांबायचे, तर जगातली निम्मी कामे पडून राहतील.

इथे नेसरीची आठवण होणे अपरिहार्य. आपल्या भागातल्या माणसाला तर फारच. बहलोलखानाला सोडल्याबद्दल महाराजांचा शब्द जिव्हारी लागला आणि १६७४ साली प्रतापराव गुजर खानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यात स्वराज्याची निष्ठा किती आणि दुखावलेला मान किती, हे आपण कधी तोलत बसलो नाही, बसूही नये. पण एक फरक मला दिसतो. परंपरा सांगते, की प्रतापराव एकटे निघाले आणि सहा जण आपण होऊन मागे गेले. डॉनलिनच्या स्वारांना मात्र हुकूम होता. त्याच्या मनातल्या भेसळीची किंमत त्यांनी भरली, आणि त्यांना कुणी विचारले नव्हते.

हे मी बोलून दाखवले तेव्हा मामांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"एकदा रात्रीच्या गस्तीला मी एकाचं नाव घेतलं," ते म्हणाले. "चांगला पोरगा. पण माझ्याशी उर्मट वागायचा. परत आला तो पाय गमावून."

"मुद्दाम घेतलं होतं?"

"तेच तर कळत नाही गा. काम त्याला येत होतं, म्हणून घेतलं असं मीच मला इतकी वर्षं सांगत आलोय."

मी गप्प राहिलो. चित्रपट पुढे चालू होता.

नंतर खरा इतिहास वाचला, तेव्हा तर डॉनलिनच्या धावपळीचे आणखीच वाईट वाटले. २५ जून १८७६च्या सकाळीच कस्टरच्या क्रो आणि अरिकारा वाटाड्यांनी त्याला सांगितले होते, की खालची छावणी अफाट मोठी आहे. त्याने ऐकले नाही. त्याच्या हाताखालच्या पाच तुकड्यांतले सुमारे २१० जण त्या टेकड्यांवर संपले. म्हणजे सिनेमातला निरोप वेळेवर पोचला असता तरी काय झाले असते, कोण जाणे. (सिनेमावाल्याला हे सोयीचे नव्हते, सोडून देऊ.)

आणि जो पडद्यावर दिसतच नाही, त्याच्या बाजूने पाहा. १८६८च्या तहाने ब्लॅक हिल्सचा मुलूख सूंना दिलेला. १८७४मध्ये याच कस्टरच्या मोहिमेत तिथे सोने सापडले, आणि तह कागदावर राहिला. १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो मुलूख बेकायदा घेतल्याचे मानून भरपाई मंजूर केली. सूंनी पैसे उचलले नाहीत, त्यांना जमीन हवी होती. छावणीत लेकराबाळांसह बसलेल्या त्या माणसांना कप्तानाचे अंतःकरण शुद्ध होते की नव्हते, याच्याशी काय देणेघेणे? ज्या मोहिमेचा पायाच असा, तिला मदत करणारे कर्तव्य कितीही निष्काम मनाने केले, तरी त्याचे वजन कुठल्या तराजूत घालायचे?

हे मामांना विचारायचे राहून गेले. कॅसेट संपली तेव्हा त्यांनी ती पुन्हा सुरुवातीला नेली आणि स्वारांची निवड होते तिथपर्यंत आणून थांबवली. चेहरे एकेक करून बघत बसले. जेवायला हाक आली तरी उठले नाहीत.