हौशाची भक्ती

जत्रेला जमणाऱ्या माणसांचे हौशे, नवशे आणि गवशे असे तीन वर्ग आपल्या लोकभाषेने पूर्वापार पाडले आहेत, आणि त्या पंक्तीत पहिले पान तिने हौशाला वाढले आहे. शास्त्राची गणना निराळी आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार भक्त सांगितले असून त्या चौघांनाही उदार म्हटले आहे. परंतु ज्याला पीडा नाही, जिज्ञासा नाही, मागणे नाही आणि ज्ञानही नाही, केवळ चार माणसे निघाली म्हणून जो त्यांच्याबरोबर निघाला, त्याला त्या गणनेत जागा नाही. अशा माणसाच्या येण्याची श्रद्धेच्या दप्तरी काही नोंद व्हावी की नाही, हा प्रश्न मला देवळाच्या दारापेक्षा रोमच्या क्रीडांगणात अधिक स्पष्टपणे उभा राहिलेला दिसतो.

इटली हा फुटबॉलचा देश. चार वेळा विश्वचषक जिंकलेल्या या देशात संघाच्या अनुयायाला ‘तिफोसो’ म्हणतात, आणि तो शब्द ज्या ‘तिफो’वरून आला त्याचा मूळ अर्थ आहे टायफस, रोग्याला बरळावयास लावणारा ज्वर. हा ज्वर बहुधा बापाकडून मुलाकडे मिराशीसारखा उतरतो. रग्बीचेही मिरासदार तेथे आहेत, पण थोडे: पो आणि आदिजे या नद्यांच्या दुआबातील रोविगो, जेथील संघ १९३५ सालचा, व्हेनेतो प्रांतातलेच त्रेव्हीजो, आणि डोंगरात वसलेले लाक्विला, ज्याच्या संघाने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि ज्याचे खेळाडू ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात, आपला एक सोबती गमावूनही, नगरवासीयांच्या सुटकेसाठी धावले.

बाकीचे सारे उपरी. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स या पाच राष्ट्रांच्या जुन्या रग्बी स्पर्धेत २००० साली इटलीला सहावे आसन मिळाले, आणि ५ फेब्रुवारीला रोमच्या फ्लामिनियो क्रीडांगणावर तिने आदल्या वर्षीच्या विजेत्या स्कॉटलंडला ३४–२० असे हरविले; त्यांतले २९ गुण एकट्या दियेगो दोमिंगेझचे होते. पुढे २ फेब्रुवारी २००७ रोजी कातानियाच्या फुटबॉल सामन्यात उसळलेल्या दंगलीत एक पोलीस अधिकारी प्राणास मुकला, तेव्हा ज्या खेळात प्रतिपक्षाचे प्रेक्षक शेजारी शेजारी बसतात आणि दोन सत्रांनंतर ‘तेर्त्सो तेम्पो’, म्हणजे तिसरे सत्र, या नावाने दोन्ही संघ एका टेबलाशी जेवतात, त्या खेळाकडे देशाने बोट दाखविले. चेहरे रंगवून, मुले खांद्यावर घेऊन, बियरचे पेले हाती धरून लोक येऊ लागले. रग्बीला जाणे ही रीत झाली. २०१२ पासून हे सामने रोमा आणि लात्सिओ या दोन फुटबॉल संघांचे घर असलेल्या विशाल ओलिंपिको क्रीडांगणावर भरू लागले.

मिरासदारांची फिर्याद आहे की या मंडळींना नियम कळत नाहीत, पंचांची शिटी कशासाठी वाजली हे शेजाऱ्याला विचारावे लागते आणि संघ हरला तरी त्यांच्या जेवणाची चव बिघडत नाही. फिर्याद खरी आहे. कोणी म्हणेल की हीच अनासक्ती. पण ते मला मान्य नाही. ज्याने काही जोडलेच नाही त्याच्या हातून काही सुटले याला त्याग म्हणता येत नाही, आणि उदासीनतेला वैराग्याची सनद देणे हा वैराग्याचा अपमान आहे. तथापि नवशाची बाजूही तपासून पाहिली पाहिजे. नवस हा करार असतो. त्याने वर्षानुवर्षे भरलेली निष्ठा विजयाच्या रूपाने परत मिळावी अशी त्याची अपेक्षा असते, आणि करार मोडला की त्याच्या प्रेमाचाच क्रोध होतो. कातानियाच्या रस्त्यावर जे घडले ते अश्रद्धेमुळे घडले नाही, हे सांगताना मला दुःख होते. हौशा असा करार करीत नाही. त्याचे पात्र रिकामे असते, पण ते उपडे नसते.

१४ नोव्हेंबर २००९ रोजी मिलानच्या सान सिरोवर न्यूझीलंडशी झालेल्या सामन्याला सुमारे ८०,००० लोक जमले. त्यांतले कितीतरी पाहुण्या संघाचा हाका, म्हणजे सामन्यापूर्वीचे ते माओरी युद्धनृत्य, पाहण्यासाठी आले असणार. परंतु सामन्याच्या अखेरीस, पराभव निश्चित झालेला असताना, इटलीच्या आठ गड्यांनी न्यूझीलंडच्या रेषेशी स्क्रममागून स्क्रम रचला आणि जगातील सर्वश्रेष्ठ संघाला मागे रेटले. स्क्रम, म्हणजे दोन्हीकडच्या गड्यांनी खांदे भिडवून एकमेकांना रेटणे, हे या खेळाचे सर्वांत दुर्बोध अंग. तेथे पंचाचा निर्णय जाणत्यालाही कोड्यात टाकतो. त्या स्क्रममधून इटलीला गुण मिळाला नाही, सामना २०–६ असा गेला, तरी जे नृत्य पाहावयास आले त्यांच्यापुढे शेवटी ते जोर लावणारे खांदे होते. श्रद्धेचा आरंभ ज्ञानाने होतो असे मानणाऱ्यांनी या अखेरच्या मिनिटांचा विचार करावा. संगतीने येणे ही पहिली पायरी, पाहत राहणे ही दुसरी. ज्ञान त्यानंतर येते, आणि काहींना ते येतही नाही.

एवढे मात्र मी निश्चयाने म्हणेन की हौशाला दारातून परतविण्याचा अधिकार कोणत्याही मिरासदाराला नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत एडिंबरोला जिंकल्यानंतर सहा राष्ट्रांच्या त्या स्पर्धेत इटली सलग ३६ सामने हरली. ती मालिका १९ मार्च २०२२ रोजी कार्डिफला, २२–२१ अशा एका गुणाच्या फरकाने तुटली. रोममध्ये तर १६ मार्च २०१३ रोजी आयर्लंडला हरविल्यानंतर ९ मार्च २०२४ रोजी स्कॉटलंडवर ३१–२९ असा जय मिळेपर्यंत अकरा वर्षे या स्पर्धेतला एकही विजय कोणी पाहिला नाही, आणि महासाथीचा काळ वगळता त्या प्रत्येक वर्षी हजारो माणसे तेथे येत राहिली.