कातडी कमावणाऱ्याच्या घरी

पाठ : प्रेषितांची कृत्ये ९:४३



पेत्र यापो येथे पुष्कळ दिवस राहिला, तो कोणा शास्त्र्याच्या वाड्यात नव्हे, तर कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी. मेलेल्या जनावराच्या कातड्यास हात घालणारा यहूदी लोकांत हीन गणला जाई. तरी ज्या दृष्टांताने पेत्राच्या मनातील विटाळ गेला, तो त्यास त्याच घराच्या धाब्यावर झाला. शिमोनाने आपला धंदा सोडला असे शास्त्र कोठेही सांगत नाही.

ओतूरकरांस ह्या धंद्याची ओळख नवी नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम डोंगरांत आदिवासी बंधू जो हिरडा गोळा करितात, त्याच्याच तुरट रसाने कातडे कमावले जाते. कच्चे कातडे भिजले की सडते आणि वाळले की लाकडासारखे होते. हिरडा व बाभळीची साल यांत मुरलेले मात्र वर्षानुवर्षे टिकते. विहिरीवरची मोट अशाच कातड्याची असे. पंप आले आणि मोटा गेल्या. परंतु त्या काळी मोट फाटली की मळा खोळंबे, आणि मळेकरी त्याच माणसाकडे धावे, ज्यास एरवी तो ओट्यावरही बसू देत नसे.

पायांतील वहाणांचीही निगा असते. पावसात भिजलेली वहाण चुलीपाशी ठेवू नये. ओल्या कातड्यास आच लागली की ते आक्रसते व ताठते. मग कितीही तेल चोळा, ते पूर्ववत होत नाही. चिखल ओल्या फडक्याने पुसावा, वहाण सावलीत वाऱ्यावर वाळवावी, आणि किंचित ओल असतानाच एरंडेलाचा पुसट हात द्यावा. पुसटच, तेलात बुडविलेले कातडे सैल पडते. बुरशी आल्यास घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झाडावी.

टाका उसवला तर जाणता कारागीर प्रथम आरी उचलीत नाही. तो रापीने कुजका भाग चांगल्या कातड्यापर्यंत कापून काढतो, कारण कुजक्यात घातलेला टाका पहिल्या ओढीसच सुटतो. गिबोनकरांनी ठिगळांचे जोडे घालून यहोशवास फसविले, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. त्यांचे जोडे शिवलेले होते; बोलणे तेवढे कुजके होते.

१८०५ साली श्रीरामपुरास मराठी व्याकरण छापणारा विल्यम केरी तरुणपणी हाच उद्योग करी. पुढे एका मेजवानीत त्याच्या ह्या पूर्वीच्या धंद्याविषयी कोणी कुजबुजले, तेव्हा त्याने सांगितले म्हणतात की, आपण जोडे करणारेही नव्हतो, केवळ दुरुस्त करणारे होतो.

असे असता आमच्यातील काही तरुण पाहुणे येताच वडिलांची आरी व रापी माळ्यावर दडवितात. त्यांस दोष देण्यापूर्वी आपण आपले हात पाहावे. मंडळीत शिमोनाचे नाव आदराने घेणारे कित्येक अजून त्या घरच्या पाण्याचा पेला ओठांशी नेताना थबकतात. ती लाज त्या तरुणांस कोणी शिकविली?

शिक्षक बंधूंनो, पुढच्या फेरीस जाल तेव्हा त्या घरी उतरा. पाणी मागून घ्या, पाट मांडतील तेथे जेवा. पेत्र पुष्कळ दिवस राहिला होता. आपण निदान एक रात्र राहू.