नेमावरचा उजेड

रायफलवर बसवायच्या स्कोपांमध्ये गेल्या दोन दशकांत एक प्रकार चांगलाच रुळला आहे. एकपट वर्धनापासून सुरू होऊन चार, सहा, आठ किंवा दहापटीपर्यंत जाणारा, पुढचे भिंग बहुधा २४ मिलिमीटरचे. एकपटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून जवळचा नेम झटकन धरता यावा आणि कडे फिरवले की लांबचेही नीट दिसावे, ही त्याच्याकडून अपेक्षा असते. त्यासाठी नेमाच्या खुणेला, म्हणजे रेटिकलला, आतून दिवा दिलेला असतो आणि या स्कोपबद्दलच्या बऱ्याच तक्रारी त्या दिव्याच्याच असतात. काचेवर केसाहून बारीक रेषा कोरून त्यांत प्रकाश परतवणारा लेप भरतात आणि कडेला, दृष्टीच्या वाटेबाहेर, एक चिमुकला एलईडी बसवतात. त्याचा प्रकाश रेषांवर आदळून चहूकडे विखुरतो. डोळ्यापर्यंत त्यातला अगदी थोडा पोचतो. रेटिकल वर्धन बदलणाऱ्या भिंगांच्या पुढच्या प्रतलात असेल तर कमी वर्धनावर ते आणखी लहान दिसते, म्हणजे जिथे दिव्याची खरी गरज तिथेच उजळायला जागा कमी. भर दुपारी वाळूवर किंवा बर्फावर नेम धरला की लाल खूण पुसल्यासारखी होते. दिवा वाढवला तर बटणासारखी छोटी बॅटरी लवकर उतरते आणि नळीच्या आत तांबूस झाक पसरते. तोच दिवा तिन्हीसांजेला मात्र सर्वांत खालच्या पायरीवर ठेवूनही डोळ्यांत खुपतो.

यात कारागिरीचा दोष थोडा आणि डोळ्याच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे. एखादी वस्तू स्वतंत्रपणे किती उजळ आहे हे डोळा मोजत नाही. ती पार्श्वभूमीपेक्षा किती वेगळी आहे हे तो पाहतो. एर्न्स्ट वेबरने केलेल्या निरीक्षणांच्या आधारे गुस्टाफ फेक्नरने १८६० मध्ये हा नियम गणितात मांडला. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो, पौर्णिमेच्या रात्री जेमतेम पाव लक्स. या चार लाखपट अंतराला डझनभर पायऱ्यांचा एक दिवा कसा पुरणार? अंधाराला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. लाल रंगाने हा सराव फारसा मोडत नाही म्हणून खूण लाल ठेवतात, पण लालही प्रमाणाबाहेर गेला की सराव मोडतोच. शंभर मीटरवर तीन सेंटिमीटर झाकणारा ठिपका मग डोळ्याच्या आतच पसरतो आणि त्याला वलय येते. झाकले जाते ते नेमके लक्ष्यच. नेमबाजाला आपली खूण अतिशय स्पष्ट दिसत असते आणि त्याच कारणाने खुणेमागचे काही दिसत नसते.

या साध्या यांत्रिक अडचणीतून एक जुना प्रश्न पुढे येतो. रेटिकलचा दिवा लक्ष्यावर पडत नाही. तो नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात पडतो. आपण कुठे रोखले आहे एवढेच त्याने कळते. समोर कोण उभे आहे याबद्दल तो अवाक्षर सांगत नाही. माणसाच्या मनातली खात्री, विशेषतः श्रद्धेतून आलेली खात्री, याच जातीची असते का? आपल्याला लख्ख वाटते आहे, एवढ्यावरून समोरच्याबद्दल काही सिद्ध होते का? माझे उत्तर असे आहे की होत नाही. आणि जे धर्म स्वतःला प्रकाश म्हणवतात त्यांच्या स्वतःच्या शिकवणीप्रमाणेही होत नाही.

हा प्रश्न केवळ रूपकाचा राहू नये म्हणून एक घडलेली गोष्ट पाहू. अमेरिकेतील मिशिगन राज्यातली ट्रिजिकॉन ही कंपनी सैनिकांसाठी ॲकॉग नावाचा स्कोप बनवते. तो बहुधा चारपट स्थिर वर्धनाचा असतो. त्याच्या अनेक नमुन्यांत बॅटरी नसते: वर बसवलेला प्रकाशतंतू दिवसाचा उजेड गोळा करून खुणेपर्यंत नेतो आणि रात्री ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू तिला मंद उजळवतो. याच कंपनीचा एक ते आठ पटींचा, बॅटरीवर उजळणारा स्कोप २०२० मध्ये अमेरिकेच्या मरीन कोरने निवडला. जानेवारी २०१० मध्ये एबीसी न्यूजने उघड केले की इराक आणि अफगाणिस्तानात वापरात असलेल्या कंपनीच्या साधनांवर मॉडेल क्रमांकाला जोडून, त्याच ठशात, बायबलमधील वचनांचे निर्देश कोरलेले आहेत. ॲकॉगवर ‘जेएन ८:१२’ होते, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय, बारावे वचन. त्यात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो. दुसऱ्या एका साधनावर करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील, अंधारातून उजेड प्रकट करणाऱ्या देवाविषयीच्या वचनाचा निर्देश होता. उजळणाऱ्या साधनांसाठी प्रकाशाचीच वचने निवडली होती. संस्थापकांच्या काळापासूनची ही प्रथा श्रद्धेतून आली होती आणि ती कंपनीने लपवलीही नाही. पण त्या भागातील अमेरिकी सैनिकांना धर्मप्रसाराची सक्त मनाई होती. सेनापती डेव्हिड पेट्रियस यांनी गंभीर चिंता व्यक्त केली आणि त्याच आठवड्यात कंपनीने ठसे थांबवण्याचे, असलेले काढण्यासाठी साहित्य देण्याचे मान्य केले.

त्या वेळची चर्चा बहुतांशी राज्यघटना आणि लष्करी शिस्त यांभोवती फिरली. शत्रूच्या प्रचाराला आयते कोलीत मिळेल, मुसलमान किंवा नास्तिक सैनिकाने ते का बाळगावे, हे आक्षेप रास्तच होते. धर्माच्या बाजूने विचारायचा प्रश्न मात्र बाजूला राहिला: त्या वचनाचा त्या जागी अर्थ काय होतो? आठव्या अध्यायात बाराव्या वचनाच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. व्यभिचाराच्या आरोपाखाली एका स्त्रीला लोकांनी आणून उभे केले आहे. कायदा दगडांनी मारण्याची शिक्षा सांगतो आणि जमाव त्याला तयार आहे. येशू कायदा नाकारत नाही. ज्याने पाप केलेले नाही त्याने पहिला दगड टाकावा, एवढेच म्हणतो. मग थोरामोठ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण निघून जातो. हा प्रसंग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. पण चर्चने शतकानुशतके वाचलेल्या क्रमात प्रकाशाचे वचन येते ते या गोष्टीनंतरच. त्या क्रमात वाचले तर तो प्रकाश आधी मारायला निघालेल्यांवर पडतो. तेच वचन शस्त्रावरच्या स्कोपवर कोरले की प्रकाशाची दिशा उलटते: पाहणारा उजेडात उभा आहे हे गृहीत धरले जाते आणि अंधार समोरच्याच्या वाट्याला येतो.

प्रकाशतंतूच्या स्कोपमध्ये ही दिशाभूल हाताने दाखवता येते. तंतू उजेड गोळा करतो तो नेमबाज जिथे उभा आहे तिथला. सैनिक अंधाऱ्या खोलीत बसून उन्हातल्या रस्त्याकडे पाहत असेल तर खूण मंद पडते आणि पार्श्वभूमीत विरून जाते. तो स्वतः उन्हात असून लक्ष्य सावलीतल्या दारात असेल तर खूण भडकते आणि दारातली आकृती गिळून टाकते. म्हणून वापरणारे तंतूवर काळी चिकटपट्टी लावून थोडीच फट मोकळी ठेवतात. साधन मोजते पाहणाऱ्याची परिस्थिती आणि निर्णय असतो पाहिल्या जाणाऱ्याबद्दल. खात्रीचेही तसेच आहे. ती आपल्या संस्कारांतून, भीतीतून, सोबत्यांच्या मृत्यूतून, प्रार्थनेतून उजेड गोळा करते. हे सगळे खरे असू शकते. ते समोरच्या दारातल्या माणसाविषयीचे नसते.

भारतीय तर्कशास्त्रात या मुद्द्यावर मोठा वाद झालेला आहे. मीमांसक म्हणतात की ज्ञान उपजतच प्रमाण असते. बाधक, म्हणजे ते खोटे ठरवणारे काही, पुढे येईपर्यंत ते मानावे. नैयायिक म्हणतात की ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून ठरते: लांब पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, म्हणजे ते पाणी होते, मृगजळ नव्हते. रोजच्या व्यवहारात दोन्ही मते चालून जातात. बंदुकीच्या बाबतीत मात्र दोघांचीही परीक्षा होते. नैयायिकाची कसोटी, म्हणजे कृती करून पडताळणे, इथे वापरताच येत नाही, कारण पडताळा हाती येतो तेव्हा माणूस मेलेला असतो. आणि मीमांसकाचे मत धरायचे तर बाधकाला पुढे यायला वाट मोकळी ठेवावी लागते. हातात शस्त्र आहे की फावडे, उंची मोठ्या माणसाची आहे की पोराची, मागे भिंत आहे की घर, हे सारे बाधक लक्ष्याभोवतीच्या त्या थोड्या जागेत असतात आणि अतितेजस्वी खूण तीच जागा व्यापते. म्हणजे खात्रीला उपजत प्रमाण मानणाऱ्यावरच ती मंद ठेवण्याची जबाबदारी अधिक येते.

यावर पहिला आक्षेप असा की दिवा आणि श्रद्धा यांची ही सांगड ओढूनताणून घातलेली आहे. कोरलेल्या चार अक्षरांनी कुणाचा नेम बदलत नाही, अनेक सैनिकांना तर ती माहीतही नव्हती. लष्कराच्या एका प्रवक्त्याने तेव्हा चलनावरच्या देवाच्या उल्लेखाचा दाखला दिला होता. अक्षरांनी गोळी वळत नाही हे मान्य आहे. पण नाणे हजार कामांसाठी फिरते, स्कोपला मात्र एकच काम आहे. त्यावरचे वचन त्या एका कामाविषयीच बोलते आणि वाचणाऱ्याला तुझे पाहणे आधीच प्रकाशित आहे असे सांगते. न वाचणाऱ्यावर परिणाम होत नाही, हा त्या वचनाच्या समर्थनाचा मुद्दा होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. रणांगणावर शंका परवडत नाही. ठिपका तेजस्वी हवा असतो तो क्षणाच्या उशिरानेही प्राण जातात म्हणून, आणि श्रद्धा हवी असते ती हात थरथरू नये म्हणून. हे सुरक्षित खोलीत बसून नाकारणे उद्धटपणाचे होईल. तरीही नेमबाजांचीच जुनी शिस्त काय सांगते? नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या सुरक्षेच्या चार नियमांतला चौथा नियम लक्ष्याची आणि त्याच्या मागच्या जागेची खात्री करून घ्यायला सांगतो. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलचे पन्नासावे कलम सांगते की एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही याची शंका असेल तर तिला नागरिकच मानावे. अमेरिका आणि भारत या दोघांनीही तो मंजूर केलेला नाही. पण शंकेला कायद्यात जागा असावी ही गरज युद्ध पाहिलेल्या पिढीला वाटली, हे त्यातून दिसते. श्रद्धेने हात स्थिर करावा, जरूर. हात स्थिर करणे आणि डोळ्याचे काम स्वतःकडे घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले काम धैर्याचे, दुसरे पुराव्याचे. आणि धैर्य कितीही वाढवले तरी त्याचा पुरावा होत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या घरातून येईल. खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो, मराठा पलटणी शिवछत्रपतींच्या जयघोषाने चढाई करतात. मग परक्यांच्या ठशाला नावे का ठेवावीत? पूजेत शस्त्र खाली ठेवलेले असते आणि माणूस त्याच्यापुढे वाकलेला असतो. ती कृतज्ञता आहे; समोरच्याबद्दलचा निवाडा तिच्यात नाही. ती निवाडा बनू लागली तर माझा आक्षेप तिलाही तितकाच लागू होईल. आपल्या परंपरेत याचे उत्तर अर्जुनाकडे आहे. द्रोणांच्या परीक्षेत त्याला झाड दिसत नाही, गुरू दिसत नाहीत. आदिपर्वात पक्ष्याचे फक्त मस्तक, लोककथेत फक्त डोळा दिसतो. एकाग्रतेचा दाखला म्हणून ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण तो पक्षी कारागिरांनी बनवलेला होता, जिवंत नव्हता, हे सांगायचे राहते. तोच अर्जुन कुरुक्षेत्रावर जिवंत माणसांपुढे आला तेव्हा त्याने आधी रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा करायला सांगितला, कुणाशी लढायचे आहे ते पाहण्यासाठी. आणि कृष्णाने रथ नेला. पाहिल्याने अर्जुन खचला हे खरे, पण म्हणून गीतेने पाहणे चुकीचे ठरवले नाही. सारा उपदेश त्या पाहण्यानंतर आणि त्यातून उठलेल्या प्रश्नांना उत्तर म्हणून आला.

म्हणून धर्माने शस्त्रधाऱ्याला द्यायची गोष्ट वेगळी आहे. तुझी बाजू प्रकाशाची आहे हे त्याला सांगणारे पुष्कळ असतात: राष्ट्र, पलटण, शेजारी पडलेला मित्र. तू ज्याला पाहतो आहेस तो तुला खरोखर दिसतो आहे का, हे विचारणारे कुणी नसते आणि त्या प्रश्नाचा अधिकार श्रद्धेहून मोठा दुसऱ्या कुणाला नाही. चांगला नेमबाज दिवा खूण जेमतेम दिसेल इतकाच ठेवतो आणि उजेड बदलला की पुन्हा जुळवतो. श्रद्धावानानेही आपल्या खात्रीचे तेच करावे. त्याने श्रद्धा कमी होत नाही. आपला उजेड आपल्यापुरता आहे आणि समोरच्याला त्याच्या उजेडात पाहावे लागते, हे मान्य करणे हाच तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे.