गाळलेल्या जागा भरा

वीस वर्षं बँकेत व्हाउचरांना नंबर घालण्यात घालवली की जगातली माणसं आपोआप दोन जातींत विभागली जातात: अनुक्रमांक घालणारी आणि न घालणारी. आमचे चिरंजीव जन्मजात दुसऱ्या जातीचे. पण त्यांनाही अनुक्रमांकापुढे हात टेकावे लागले, आणि तेही माझ्यासमोर, हे दृश्य मी तब्येतीत पाहिलं.

झालं असं, की कॉलेज करता करता चिरंजीवांना फोटो जोडून चित्रपट करायचा नाद लागला. गच्चीवरच्या कुंडीत कपाशीचं झाड होतं. फूल उमललं त्या दिवसापासून रोज सकाळी नऊला, मोबाइल त्याच जागी टेकवून, एक फोटो. बोंड फुटेपर्यंत ५० दिवस. पातूरच्या चारी बाजूंना कपाशी असताना हा पोरगा गच्चीवर तिचे फोटो काढतो, याची गल्लीत यथेच्छ चर्चा झाली. पण कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळट पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हे माझ्यासारख्या अस्सल वऱ्हाडी माणसानं नीट पाहिलं ते त्या फोटोंतच!

मग ते फोटो कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामात घालायचे. प्रोग्राम हा ऑडिटरच्या स्वभावाचा असतो. फोटो सुटे दिले, तर तो एकेक चित्र पाच-पाच सेकंद दाखवत बसतो. लग्नाचा अल्बम बरा. 'ही एक माळ आहे' असं सांगून दिले, तर १ नंतर १० घेतो, मग ११, आणि १९ संपले की २. त्यामुळे आधी फूल, मग बोंड, मग पुन्हा गुलाबी फूल! उपाय काय, तर ०१, ०२ असं लिहायचं. डावीकडच्या शून्याला किंमत नसते असं शाळेत शिकलेल्या माझ्या पिढीला हा धक्काच होता. पुढे सेकंदाला किती चित्रं तेही सांगावं लागतं. सिनेमावाले २४ घेतात, आपल्याकडच्या टीव्हीवाल्यांनी २५ धरली. चिरंजीवांनी २५ धरली. म्हणजे ५० दिवसांचं पीक दोन सेकंदांत. एवढ्या वेगानं पीक हाती आलं तर पीककर्जाचं खातं थकायचंच नाही.

पण माळ तिसाव्या चित्राशी तुटली. ३१ नंबरचा फोटोच नव्हता. त्या दिवशी पहाटे आईच्या छातीत दुखू लागलं आणि आम्ही सगळे तिला घेऊन अकोल्याला धावलो होतो. कुंडीकडे बघायचं भान कुणाला?

"बाबा, ३० नंबरच परत ३१ म्हणून चिकटवतो. सेकंदाचा पंचविसावा भाग. कोणाला दिसणार आहे?"

'कोणाला दिसणार आहे!' बँकेतला प्रत्येक अपहार याच वाक्यानं सुरू होतो. मी तसं म्हणालो. त्यावर चिरंजीवांनी मला गप्प केलं. "मग सगळीच फिल्म खोटी आहे. झाड वाढताना तुम्हांला दिसतं, ते कोणत्या फोटोत दाखवा बरं? एकाही फोटोत झाड हालत नाही."

मुद्दा बिनतोड होता. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली हेच केलं होतं. कुंडीत वाटाणा पेरून महिन्याहून अधिक काळ त्याच्या वाढीची चित्रं घेतली आणि मिनिटभराची फिल्म केली. ती पाहून लोकांनी त्यांना कर्ज दिलं. (वाटाण्याच्या वेलाच्या तारणावर कर्ज! आमच्या शाखेत हा अर्ज आला असता तर मी चष्मा पुसला असता.) त्यातून १९१३ साली निघाला 'राजा हरिश्चंद्र'. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची गोष्ट, आणि तिच्या फितीत हालणारं चित्र एकही नाही!

रात्रभर मी याचा विचार केला. हालचाल दिसते ती आपल्याच डोळ्यांची उधारी असते, हे कबूल. दोन फोटोंमधले चोवीस तास डोळा पदरचे घालतो. पण प्रेक्षक ही उधारी राजीखुशीनं देतो. त्याच्याकडून एवढंच घेतलेलं असतं, की प्रत्येक फोटो त्या-त्या दिवशीचा आहे. ३० नंबरचा फोटो ३१चा बिल्ला लावून उभा राहिला, की तो म्हणतो, 'त्या सकाळी इथे कुणीतरी होतं.' आणि नव्हतं. नंबर विसरून ३० ला ३२ जोडायची सोयही प्रोग्रामात असते. ती मला त्याहून वाईट वाटली, कारण त्यात तो दिवसच उगवला नाही असं होतं.

"मग काय करू?"

"कोरी ठेव. नोंद नाही, तर नाही."

चिरंजीवांना पटलं की माझ्या कटकटीचा कंटाळा आला, कोण जाणे. ३१ च्या जागी त्यांनी काळी चौकट ठेवली.

आईला फिल्म दाखवली. दोन सेकंदांत ती संपलीच, म्हणून तिनं चारदा लावायला सांगितली.

"मधातच अंधार काऊन होते रे?"

"आजी, तो तुझ्या दवाखान्याचा दिवस."

"किती वेळ रायते तो?"

चिरंजीवांनी हिशेब सांगितला.

"बस, एवढाच?" आई म्हणाली.