भीती, तवक्कुल आणि विमान

निफाड तालुक्याला विमानाचे अप्रूप नाही. तालुक्यातल्याच ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना 1964 पासून आहे. तिथे आधी मिग तयार झाली, मग सुखोई. द्राक्षबागेत काम करणारा मजूर डोक्यावरून विमान गेले तरी मान वर करत नाही. अशा मुलखात आयुष्य काढलेली माझी अम्मी मात्र विमानाला घाबरायची. इतकी, की त्या भीतीने आमच्या घरातला एक फर्ज लांबणीवर पडला.

2018 च्या अखेरीस अब्बांनी पुढच्या वर्षीच्या हजचा फॉर्म आणला. पैसे साठले होते, मुलींची लग्ने झाली होती. अम्मीने फॉर्मला हात लावला नाही. म्हणाली, "पानी का जहाज होता तो मैं कब की चली जाती." तिचे वडील, आमचे नाना, मोगल लाइनच्या जहाजाने मुंबईहून जेद्दाहला गेले होते. ती जहाजे 1995 मध्येच बंद झाली. अब्बांनी जबरदस्ती केली नाही. "पुढच्या साली बघू," एवढेच म्हणाले.

पुढचे साल आलेच नाही. 2020 आणि 2021 मध्ये महामारीमुळे बाहेरच्या देशांतल्या यात्रेकरूंना हज बंद होता. 2022 मध्ये पासष्टच्या आतल्यांनाच परवानगी मिळाली. अब्बा तोपर्यंत थांबले नाहीत. 2021 च्या उन्हाळ्यात त्यांचा इंतकाल झाला.

त्यानंतर एका नातेवाइकाने अम्मीच्या तोंडावर सांगितले, "तुमचं ईमान कमजोर. अल्लाहवर भरवसा असता तर भीती वाटली नसती." ते वाक्य मला अजून सलते. भीती म्हणजे ईमानाची कमतरता, हे खरे आहे का?

कुरआनमध्ये हजरत मूसा यांचा प्रसंग आहे. जादूगारांच्या दोऱ्या सापांसारख्या वळवळताना दिसल्या तेव्हा त्यांच्या मनात भीती दाटली, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. ते पैगंबर होते, तरी घाबरले. त्यांना दिलासा मिळाला, दोष मिळाला नाही. हिजरतच्या वेळी सौरच्या गुहेत हजरत अबू बकर चिंतेत पडले, तेव्हा हुजूर (स.) यांनीही त्यांना दटावले नाही, धीर दिला. त्या प्रवासाची आखणी तरी किती काळजीपूर्वक होती! तीन दिवस गुहेत मुक्काम, नेहमीचा रस्ता सोडून वेगळी वाट आणि सोबत वाट दाखवणारा एक जाणकार, जो मुसलमानही नव्हता. धोका ओळखणे आणि तजवीज करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध असते, तर ही आखणी झालीच नसती. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितले गेले, ही हदीस आपण मुलांना शिकवतोच.

मग विमानाच्या बाबतीत उंट बांधायचा कोणी? इथेच या भीतीचे मूळ आहे, असे मला वाटते. मोटारसायकल आपल्या हातात असते, म्हणून ती सुरक्षित वाटते. वास्तविक 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. तरी नाशिकला जाताना आपण वसीयत लिहीत नाही. विमानात मात्र दार बंद होते, जमीन सुटते आणि आपल्या हातात काहीच उरत नाही. शरीर हा धोका समजते. छाती धडधडते, तळहात घामेजतात, श्वास उथळ होतो. धडधडीला माणूस संकटाची खूण मानतो, त्यामुळे धडधड आणखी वाढते. टाळले की तेवढ्यापुरते बरे वाटते, पण दर वेळी टाळण्याने भीतीचे मूळ खोल जाते.

आणि समुद्र तरी कुठे सुरक्षित होता? 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी गेले. नानांच्या पिढीने निघताना कर्ज फेडले, गावभर माफी मागितली आणि भीती सोबत घेऊनच ते जहाजात चढले.

विमानाचा उंट अनोळखी माणसे बांधतात. ओझरच्या कारखान्यात कामाला जाणारे लोक आपल्याच आसपास राहतात. एकाने घट्ट केलेला बोल्ट दुसरा तपासतो आणि त्याखाली सही करतो. ती सही म्हणजे अमानत. तिच्यात खयानत झाली तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. बोइंगच्या 737 मॅक्स जातीची दोन विमाने ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 मध्ये कोसळली, 346 माणसे गेली. चुकीच्या नोंदीवरून विमानाचे नाक खाली दाबणारी एक यंत्रणा त्यात होती आणि पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांना तिची नीट माहितीच दिली गेली नव्हती. म्हणून भीती सरसकट वाईट म्हणता येत नाही. तपासणाऱ्याच्या मनात ती असावीच. प्रवाशाने मात्र आपल्या वाट्याचे तेवढे करावे आणि बाकी सोपवावे.

अम्मीच्या वाट्याचे आम्ही हळूहळू केले. आधी मॉलमधला सरकता जिना, मग लिफ्ट. चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, याची सवय. हवेतले हादरे म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावरची एसटी, पंख लवचीक असतात म्हणूनच हलताना दिसतात, हे समजावले. मोबाइलवरचे अपघाताचे व्हिडिओ बंद केले. एवढ्याने भागले नसते तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले असते, आणि त्यात लाज नव्हती.

2023 मध्ये आम्ही मुंबईहून हजला निघालो. सवारीची दुआ सुरू झाली. त्या दुआत विमान पडणार नाही अशी हमी नाही. उलट, आपल्याला एक दिवस रबकडेच परतायचे आहे, याची आठवण आहे. विमानाने वेग घेतला आणि इतके दिवस उपदेश करणाऱ्या माझेच हात गार पडले. मीही पहिल्यांदाच बसलो होतो, हे मी तिला सांगितलेच नव्हते. अम्मीने माझा हात धरला. "डर तो लग रहा है बेटा," ती म्हणाली, "लगने दे."

जेद्दाहला उतरल्यावर तिने पहिले नाव अब्बांचे घेतले. ती सल गेलेली नाही आणि जाणारही नाही.

12 जून 2025 रोजी अहमदाबादेत उड्डाण होताच विमान कोसळले, आतल्या 242 पैकी 241 जण गेले. त्यानंतर मोहल्ल्यातल्या दोन-तीन बायका अम्मीकडे येऊन बसल्या. हजला जायचे आहे, पण छातीत धस्स होते, म्हणाल्या. अम्मीने "काही होत नाही" असे सांगितले नाही, ईमानाचा दाखलाही मागितला नाही. चहा ठेवला आणि आपला श्वास मोजून दाखवला.

आपल्या हजच्या तरबियत शिबिरांत एहराम, तवाफ, कुर्बानी सगळे शिकवले जाते. त्यात अर्धा तास या भीतीसाठीही ठेवावा. 'पुढच्या साली बघू' म्हणणारे घर एकटे आमचेच नसणार.